बुरशीची ओळखपरेड

बोईसर स्टेशनबाहेरच्या औषधाच्या दुकानात संध्याकाळी पाळी सुटायच्या वेळी जरा उभं राहून बघा. तारापूर एमआयडीसीतून सुटलेला एखादा कामगार काउंटरवर वाकतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "भैया, दाद की ट्यूब देना, पिछली बारवाली." दुकानदार कुठे आहे, किती दिवसांचं आहे, काही विचारत नाही. जांघेत आहे आणि दिवसांचं नाही, महिन्यांचं आहे, हे त्याला न सांगता कळतं. मागे उभी असलेली बाई तेच मराठीत मागते, "दादा, गजकर्णाची ट्यूब द्या. मागच्या वेळची चांगली होती, पण परत आलं." परत आलं म्हणजे चांगली नव्हती, हे दोघांपैकी कुणीच बोलत नाही. ट्यूब पिशवीत पडते.

त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा तीन-चार औषधांची मिसळ असते. बुरशीवरचं एक, जंतूंवरचं एक आणि क्लोबेटासोलसारखं जहाल स्टेरॉइड. खाज दोन दिवसांत थांबते ती स्टेरॉइडमुळे. बुरशी मरत नाही. उलट शरीराचा तिथला पहारा उठतो आणि ती ऐसपैस पसरते. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. बंदी कागदावर आहे.

आमचं पाम या औद्योगिक वसाहतीच्या शेजारचं गाव. दमट हवा, कारखान्यातला जाड गणवेश, पायात दिवसभर रबरी बूट, एका खोलीत सहा-सात जण आणि त्यांची एकाच दोरीवर वाळणारी कापडं. बुरशीला याहून काय हवं? विशेष असं की याच वसाहतीत औषधांचा कच्चा माल बनवणारे कारखाने रांगेनं उभे आहेत. औषध इथे बनतं आणि ते आपल्या अंगावरच्या बुरशीला लागू पडतं का, हे शोधायची सोय मात्र इथे नाही.

ही बुरशी कुठली, हे जगाला कळलं ते तिची जनुकं वाचल्यावर. त्याआधी गजकर्णावर टर्बिनाफिनची गोळी दोन-चार आठवडे घेतली की काम संपायचं. २०१५ च्या आगेमागे देशभरातले त्वचारोगतज्ज्ञ कुरकुरायला लागले की गोळी चालत नाही, दुप्पट दिली तरी चालत नाही. प्रयोगशाळेत नमुना वाढवला की पांढरी, पिठूळ वाढ दिसायची आणि अहवालावर जुनंच नाव पडायचं, ट्रायकोफायटन मेंटाग्रोफायटीस किंवा त्याचा सख्खा भाऊ इंटरडिजिटाले. दिसायला तीच, म्हणून नाव तेच. जर्मनीतले पिएत्रो नेनॉफ आणि भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी देशाच्या वेगवेगळ्या भागांतले नमुने गोळा करून त्यांचे डीएनए वाचले, तेव्हा २०१९ मध्ये चित्र पुढे आलं. बहुतेक नमुने एकाच, भारतात फोफावलेल्या जनुकीय प्रकाराचे निघाले. २०२० मध्ये जपानच्या रुई कानो आणि सहकाऱ्यांनी तिथं राहणाऱ्या भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या अंगावरून हीच बुरशी वेगळी काढली आणि तिला नवं नाव दिलं, ट्रायकोफायटन इंडोटिनी. तिला वेगळी जात म्हणायचं की जुन्याच जातीचा एक प्रकार, यावर तज्ज्ञांची भांडणं अजून चालू आहेत. २०२३ मध्ये ती न्यूयॉर्कमधल्या दोन बायकांच्या अंगावर सापडली तेव्हा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं इशारा काढला. त्यांतली एक तर देशाबाहेर गेलीच नव्हती.

टर्बिनाफिन का चालत नाही, याचं उत्तरही जनुकांनीच दिलं. बुरशीला तिच्या पेशीचं आवरण बांधायला एर्गोस्टेरॉल लागतं. ते बनवण्याच्या वाटेवर स्क्वालीन इपॉक्सिडेज नावाचं एक विकर काम करतं. टर्बिनाफिन त्या विकराच्या खाचेत जाऊन बसतं आणि काम थांबवतं. या बुरशीत त्या विकराच्या ३९७ व्या जागेवर फेनिलॲलॅनिनऐवजी ल्युसीन आलेलं बऱ्याचदा आढळतं. डीएनएतलं एक अक्षर बदललं की एवढं होतं. खाचेचा आकार बदलतो, औषध बसत नाही. मग इट्राकोनॅझोल द्यावं लागतं, तेही बरेच दिवस.

गजकर्णानं माणूस मरत नाही, जेरीस येतो. पण डोळा जाणं, पाय कापावा लागणं, अतिदक्षता विभागातला रुग्ण दगावणं, या बुरशीच्या मोठ्या दुखण्यांतही घोळ हाच असतो. दिसायला सारख्या, आतून वेगळ्या आणि औषध मात्र आतल्या वेगळेपणावर ठरणारं.

हा घोळ आपल्याकडे फार जुना आहे. वैद्यकशास्त्रात त्याची पहिली नीट नोंद झाली ती मुंबईतच. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हे नाव डॉक्टरांना ओळखीचं असतं. १८५८ मध्ये निघालेल्या ग्रे यांच्या शरीररचनाशास्त्राच्या प्रसिद्ध पुस्तकातली चित्रं त्यानं काढली होती. पुस्तकावर नाव ग्रे यांचं गाजलं आणि चित्रकार त्याच वर्षी नोकरी धरून मुंबईला आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात तो शिकवू लागला. शेजारच्या जे. जे. रुग्णालयात सुजून गाठोडं झालेले पाय घेऊन शेतकरी यायचे. अनवाणी पायात काटा मोडतो, विसरला जातो, वर्षा-दोन वर्षांनी तिथे टणक गाठ येते, मग तिला भोकं पडतात आणि त्यांतून पू आणि मोहरीएवढे किंवा त्याहून बारीक कण बाहेर येतात, कधी काळे, कधी पिवळट-पांढरे. दुखत फारसं नाही, म्हणून माणूस येतो तो फार उशिरा. मदुराईकडच्या डॉक्टरांनी हे आधी पाहिलं होतं आणि त्याला मदुरेचा पाय म्हणत. कार्टरनं ते कण सूक्ष्मदर्शकाखाली घातले आणि ठामपणे सांगितलं, ही बुरशी आहे. मायसेटोमा हे नाव त्याचंच. पुढे तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता आणि तिथूनही या पायांचा पिच्छा त्यानं सोडला नाही. त्याचं या रोगावरचं पुस्तक १८७४ मध्ये लंडनला निघालं. त्यातली चित्रं आजही बघण्यासारखी आहेत.

तर कार्टरचा निदानाचा रोख बरोबर होता. फसला तो ओळख पटवताना. जपून ठेवलेल्या नमुन्यांवर त्याला लालसर-गुलाबी बुरशी वाढलेली दिसली. हाच गुन्हेगार असं समजून ती इंग्लंडला माइल्स बर्कले या बुरशीतज्ज्ञ पाद्र्याकडे गेली. बर्कले म्हणजे त्या काळातला या शास्त्रातला शेवटचा शब्द. आयर्लंडच्या बटाट्याचा करपा कशानं पडतो हे ओळखणाऱ्यांत तो अग्रणी होता. त्यानं या गुलाबी बुरशीला कार्टरचंच नाव जोडून कायोनिफी कार्टेराय असं बारसं केलं. पुढे कळलं की ती बाहेरून पडलेली उपरी बुरशी होती, पायातल्या रोगाशी तिचा संबंध नव्हता. कलकत्त्याच्या लुईस आणि कनिंगहॅम यांनी १८७५ मध्ये याच मुद्द्यावरून कार्टरच्या मूळ सिद्धान्तावरच शंका घेतली. मुख्य खरी गुन्हेगार, मदुरेला नावाची बुरशी, पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओळखली गेली, आणि गुन्हेगारही एक नाही, अनेक निघाले. काही कण तर बुरशीचे नसतातच, नोकार्डिया किंवा ॲक्टिनोमाड्युरासारख्या जीवाणूंचे असतात. जीवाणू असतील तर कोट्रायमॉक्साझोल, अमिकासिन यांवर पाय वाचतो. बुरशी असेल तर इट्राकोनॅझोल आणि शस्त्रक्रिया, आणि तरीही पाय वाचेलच याची खात्री नाही. भारतात जीवाणूंचा वाटा मोठा आहे, म्हणजे चुकीच्या औषधावर वर्षं घालवलेले पाय किती असतील, याचा विचार न केलेला बरा. जागतिक आरोग्य संघटनेनं या रोगाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतलं ते २०१६ मध्ये. कार्टरनंतर दीडशे वर्षांनी.

पायातली काळ्या कणांची बुरशी प्रयोगशाळेत वाढते खरी, पण बऱ्याचदा नुसतीच वाढते. तिला बीजाणू धरत नाहीत, आणि बुरशीची जुनी ओळख बीजाणूंवरच ठरते. ते कुठल्या दांड्यावर लागतात, साखळीत की झुबक्यात, यावर. बीजाणू नाहीत तर चेहरा नाही. असा मामला असला की डीएनएकडे जाण्यावाचून गत्यंतर नसतं.

ते नेमकं करतात कसं? नमुना म्हणजे त्वचेचा खरवडा, डोळ्यातल्या जखमेचा कीस, पोटातल्या गाठीचा तुकडा किंवा बशीत वाढवलेली बुरशी. पहिली अडचण तिच्या भिंतीची. बुरशीच्या पेशीला कायटिनची भिंत असते, तीच कायटिन जी खेकड्याच्या कवचात असते. रक्तातल्या पेशी साध्या रसायनानं फुटतात, ही फुटत नाही. म्हणून छोट्या नळीत नमुन्याबरोबर काचेचे बारीक मणी टाकतात आणि नळी यंत्रात घालून जोरात हलवतात, नाहीतर द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून खलात कुटतात. नळीतला राखाडी गाळ खाली बसतो, वरचं पाणी स्वच्छ करत करत शेवटी थेंबभर द्रव उरतो. त्यात डीएनए असतो, डोळ्याला न दिसणारा.

बुरशीचा सगळा डीएनए वाचायची गरज नसते. प्रत्येक पेशीत प्रथिनं बनवणारे रायबोसोम असतात आणि त्यांची जनुकं सगळ्या बुरश्यांमध्ये जवळजवळ सारखी असतात. त्या जनुकांच्या मधे मात्र काही शे अक्षरांचा एक तुकडा असतो, ज्याला आयटीएस म्हणतात, आणि तो जातीजातीत बदलतो. शेताचे बांध तेच राहावेत आणि मधलं पीक तेवढं बदलावं, तसं. बांध सारखे असल्यामुळे कुठल्याही बुरशीत तिथून आत शिरता येतं. मधलं पीक वेगळं असल्यामुळे कुणाचं शेत ते कळतं. टॉम व्हाइट आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये या बांधांवर बसणारे प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, तयार केले. ते आजही जगभर वापरात आहेत. २०१२ मध्ये बुरशीतज्ज्ञांच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय गटानं आयटीएसलाच बुरशीचा बारकोड म्हणून मान्यता दिली.

पुढचं काम पीसीआर यंत्राचं. कोरोनानंतर हा शब्द रिक्षावाल्यालाही पाठ आहे. द्रव ९५ अंशांवर तापतो, डीएनएचे दोन धागे सुटतात. थंड होतो, प्रायमर बांधावर बसतात. ७२ अंशांवर नवी प्रत तयार होते. पस्तीसेक फेऱ्यांत एका तुकड्याच्या अब्जावधी प्रती होतात. मग तुकड्याची अक्षरं वाचायची. संगणकाच्या पडद्यावर चार रंगांच्या लाटा उमटतात, प्रत्येक लाट म्हणजे एक अक्षर. ती माळ जागतिक संग्रहाशी ताडून पाहिली की कुणाशी किती टक्के जुळली, ते कळतं. बशीतल्या वाढीला दोन ते चार आठवडे लागत असतील तिथे हे दोन-तीन दिवसांत होतं. थेट नमुन्यावर केलं तर बशीचीही वाट बघायला नको.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण वाटतं ते डोळ्याचं. हंगामात पालघर, डहाणू, विक्रमगडच्या शेतांत भाताची झोडणी चालू असते. झोडताना कुसळ उडून डोळ्यात जातं, पातं बुबुळाला घासून जातं. डोळा लाल होतो, पाणी येतं, माणूस दोन दिवस दुर्लक्ष करतो. मग कुणी सांगतं म्हणून दुकानातून थेंब आणतो आणि त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. आठवड्याभरात बुबुळावर पांढरट डाग पडतो, कडा पिसासारख्या विस्कटलेल्या. शेतातल्या जखमेनंतरचा असा डाग बहुतेक वेळा फ्युझेरियम किंवा ॲस्परजिलस बुरशीचा असतो. त्यावर नाटामायसिनचे थेंब हे पहिलं औषध. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात झालेल्या चाचणीनं २०१३ मध्ये दाखवून दिलं की फ्युझेरियमवर हे जुनं, स्वस्त औषध महागड्या व्होरिकोनॅझोलपेक्षा सरस ठरतं. स्वस्त औषध महागड्याला हरवतं, असं वैद्यकात वारंवार होत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पण काही डोळे नाटामायसिनला दाद देत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचेच धागे दिसतात, अहवालात बुरशी असंच येतं, औषध वाढवत नेलं तरी डाग वाढतच जातो आणि शेवटी बुबुळ बदलावं लागतं किंवा डोळा काढावा लागतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत डॉ. सावित्री शर्मा आणि सहकाऱ्यांनी अशा नमुन्यांचे डीएनए वाचले आणि २०१५ मध्ये मांडलं की यांतले काही नमुने बुरशीचे नाहीतच. ते पायथियम इन्सिडिओसम आहे, बुरशीसारखे धागे काढणारा एक पाणजीव. भाताच्या खाचरातल्या कोमट, साचलेल्या पाण्यात त्याचे बीजाणू पोहतात. त्याच्या पेशीच्या पटलात एर्गोस्टेरॉल जवळजवळ नसतंच, आणि बुरशीवरची बहुतेक औषधं तर त्याच्यावरच बेतलेली. म्हणजे जे नाहीच त्यावर आपण बाण मारत होतो. या संस्थेनं मग उलटा विचार केला आणि लिनेझोलिड, ॲझिथ्रोमायसिन ही जीवाणूंवरची औषधं वापरून पाहिली. काही डोळे वाचू लागले. गंमत अशी की बर्कलेनं ओळखलेला तो बटाट्याचा करपा पाडणारा जीवही याच गोतावळ्यातला आहे. त्यालाही तो आयुष्यभर बुरशीच समजत होता, आणि त्या काळात दुसरं काही समजायला वावही नव्हता.

नाकात लाल, तुतीसारखा कोंब येणारा ऱ्हायनोस्पोरिडियमचा रोग, जो तळ्यात पोहणाऱ्यांना होतो, त्याचीही अशीच गोष्ट. कित्येक दशकं पुस्तकांत तो बुरशीच्या प्रकरणात होता. १९९९ च्या सुमारास त्याची जनुकं वाचली तेव्हा तो माशांच्या एका परजीवी कुळाचा निघाला. पुस्तकं बदलायला वेळ लागतो. काही अजून बदललेली नाहीत.

आता मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाकडे वळू. २००९ मध्ये टोकियोतल्या एका रुग्णालयात सत्तर वर्षांच्या बाईच्या कानातून एक यीस्ट निघालं. डीएनए कुठल्याच माहीत जातीशी जुळला नाही, म्हणून त्याला कॅन्डिडा ऑरिस हे नवं नाव मिळालं. बिचाऱ्या बाईला कानाच्या पलीकडे फारसा त्रास नव्हता. पण नंतर दक्षिण कोरियात जुने, गोठवून ठेवलेले नमुने तपासले तेव्हा १९९६ मध्ये एका मुलाच्या रक्तातून निघालेलं यीस्टही हेच असल्याचं कळलं. तो नमुना पंधरा वर्षं ओळख न पटता पडून होता.

दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या डॉ. अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये बारा रुग्णांचे नमुने प्रसिद्ध केले. हे रुग्ण २००९ ते २०११ मधले होते. रुग्णालयांत सर्रास वापरलं जाणारं यंत्र, जे यीस्टला कुठली साखर पचते यावरून नाव सांगतं, ते या नमुन्यांना कॅन्डिडा हेम्युलोनाय म्हणत होतं. डीएनए वाचल्यावर ते सगळे ऑरिस निघाले, आणि एकमेकांशी इतके मिळतेजुळते की जणू एकाच पेशीची पिल्लं. यंत्राच्या आत नावांची यादी असते, त्या यादीत ऑरिस नव्हतंच. यादीत नसलेलं नाव यंत्र सांगणार कुठून? ते जवळचं नाव देऊन मोकळं होतं, आणि अहवालावर छापलेल्या नावाशी डॉक्टर वाद घालत नाही.

हा वाद घालायला हवा होता, कारण फ्लुकोनॅझोल हे कॅन्डिडावरचं नेहमीचं औषध ऑरिसला बहुतांश वेळा लागू पडत नाही. शिवाय हे यीस्ट खाटेच्या दांड्यावर, पडद्यावर, रक्तदाबाच्या पट्ट्यावर आठवडेच्या आठवडे जिवंत राहतं आणि नेहमीच्या काही जंतुनाशकांना पुरून उरतं. क्लोरीनची द्रावणं चालतात. भारतातल्या २७ अतिदक्षता विभागांच्या मोठ्या पाहणीत, जी चंदीगडच्या पीजीआयच्या डॉ. अरुणालोके चक्रवर्ती यांच्या पुढाकारानं झाली, रक्तातल्या कॅन्डिडाच्या १,४०० रुग्णांपैकी ७४ जणांत ऑरिस सापडलं, आणि ते २७ पैकी १९ विभागांत पोहोचलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२२ मध्ये धोकादायक बुरश्यांची पहिली यादी काढली, तिच्या सर्वांत वरच्या गटात चार नावं आहेत. ऑरिस त्यांतलं एक.

ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ रुग्णालयाची हकीकत तर प्रत्येक रुग्णालयाच्या भिंतीवर लावावी अशी. तिथल्या मेंदूविकार अतिदक्षता विभागात २०१५ ते २०१७ दरम्यान ७० रुग्णांवर ऑरिस सापडलं. हात धुतले, खोल्या धुतल्या, थांबेना. शेवटी नमुन्यांचे पूर्ण जीनोम वाचले आणि कुणाकुणाला काय काय वापरलं गेलं याची जुळवणी केली, तेव्हा बोट काखेत लावायच्या, पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या तापमापकाकडे गेलं. तापमापक काढून टाकल्यावर साथ आटोक्यात आली.

हे यीस्ट मुळात राहत कुठं होतं, याचाही धागा भारतातच सापडला. डॉ. चौधरी आणि सहकाऱ्यांनी अंदमानच्या किनाऱ्यावरची वाळू आणि खाऱ्या पाणथळीतला चिखल तपासला आणि २०२१ मध्ये निसर्गातलं ऑरिस पहिल्यांदा दाखवलं. मुरबे, नवापूरच्या खाडीकाठी राहणाऱ्या आम्हा लोकांनी यावरून घाबरून जायचं कारण नाही. पण आपल्या खाजणातला चिखल कुणी तरी एकदा तपासावा, असं मला मनापासून वाटतं.

महाराष्ट्राला बुरशीचा धाक बसला तो मात्र २०२१ च्या उन्हाळ्यात. म्युकरमायकोसिस, लोकांच्या तोंडी काळी बुरशी. कोरोनातून उठलेला माणूस आठ-पंधरा दिवसांत गाल दुखतो, डोळा सुजला म्हणून परत यायचा. मधुमेह हाताबाहेर गेलेला, वर स्टेरॉइडचा मारा, ही त्यामागची मुख्य जोडगोळी. २० मे रोजी केंद्रानं राज्यांना हा रोग साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितलं. जुलैपर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण झाले, त्यांत महाराष्ट्र पहिला. ॲम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातेवाईक रात्र-रात्र फिरत होते. वर्ध्याच्या एका कारखान्यात घाईघाईनं उत्पादन सुरू झालं तेव्हा सात हजारांचं इंजेक्शन बाराशेला मिळेल, ही बातमी पहिल्या पानावर होती.

या साथीनं जनुकीय तपासणीची मर्यादाही दाखवली, आणि तिचे भाट होणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. म्युकरच्या रुग्णाला डीएनए वाचून येईपर्यंतचे दोन-तीन दिवससुद्धा नसतात. तिथं पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून केलेली काचपट्टी तासाभरात उत्तर देते. रुंद, फितीसारखे, आडपडदे नसलेले धागे दिसले की म्युकर, बारीक आणि आडपडद्यांचे दिसले की बहुधा ॲस्परजिलस. पहिल्याला ॲम्फोटेरिसिन, दुसऱ्याला व्होरिकोनॅझोल. हे व्होरिकोनॅझोल म्युकरवर काहीच करत नाही, म्हणजे चूक झाली तर रुग्ण गेला. पण हे सांगायला चाळीस वर्षं काचपट्ट्या पाहिलेला एक माणूस आणि बरा सूक्ष्मदर्शक पुरतो. असा माणूस मिळणं हल्ली यंत्र मिळण्याहून अवघड झालंय, ही गोष्ट वेगळी.

म्युकरच्याच कुळात अपोफायसोमायसिस नावाचा एक प्रकार आहे आणि तिथं मात्र काचपट्टी थकते. उत्तर भारतातल्या आंबराईच्या मातीतून तो १९७९ मध्ये पहिल्यांदा वर्णन केला गेला. मातीनं माखलेल्या जखमेतून तो आत शिरतो. साध्या बशीत त्याला बीजाणूच धरत नाहीत. २०१० मध्ये जनुकांवरून कळलं की एका नावाखाली चार वेगळ्या जाती नांदत होत्या. २०११ मध्ये अमेरिकेच्या जॉप्लिन शहरात टॉर्नेडोत जखमी झालेल्या १३ जणांना यातल्याच एका जातीनं गाठलं आणि पाच दगावले. आमच्या मुंबई-अहमदाबाद महामार्गावर मनोरपासून तलासरीपर्यंत रोज कुणी ना कुणी मातीत घासत जातो. जखम धुऊनही काळी पडत चालली तर हे नाव डॉक्टरांच्या डोक्यात असायला हवं.

मग हे तपासून मिळतं कुठे? आपल्या राज्यात पुणे हे त्याचं माहेर. १९४६ मध्ये मालवणच्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली. तीच आजची आघारकर संशोधन संस्था. तिथं आजरेकरांच्या नावानं बुरश्यांचा वाळवलेला संग्रह आहे आणि जिवंत बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रहही. पुण्यातच राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे. दोन्हीकडे डीएनए वाचून बुरशी ओळखून देतात. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत बुरशीचे विभाग आहेत. कस्तुरबा रुग्णालयात ऑगस्ट २०२१ मध्ये कोरोनासाठी जीनोम वाचायची प्रयोगशाळा सुरू झाली. विषाणू वाचणारं यंत्र बुरशीही वाचू शकतं, फक्त तसं ठरवावं लागतं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, जिल्हा मुख्यालयाच्या इमारती डोळ्यांत भरण्यासारख्या झाल्या, पण गंभीर रुग्ण आजही वलसाड, सिल्व्हासा किंवा मुंबईची वाट धरतो. नमुनाही त्याच वाटेनं जाणार.

आणि डीएनए म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. हवेत बुरशीचे बीजाणू सतत उडत असतात. एक जरी नळीत पडला तरी पीसीआर त्याच्याही अब्जावधी प्रती काढून देतं आणि कार्टरची गुलाबी बुरशी नव्या रूपात अहवालात येते. म्हणून प्रत्येक वेळी नुसत्या पाण्याची एक नळी बरोबर चालवतात. तिच्यात काही उगवलं तर सगळं फेकून द्यायचं. ज्या जागतिक संग्रहाशी ताडून पाहायचं, त्यातल्या नोंदींवरची नावंही बऱ्याच ठिकाणी चुकीची आहेत. २००६ मधल्या एका तपासणीनं तर पाचांतल्या एका नोंदीवर शंका घेतली होती. ॲस्परजिलसच्या काही जुळ्या जाती आयटीएसवरून सुटतच नाहीत, त्यांच्यासाठी बीटा-ट्युब्युलिनसारखं दुसरं जनुक वाचावं लागतं. थोडक्यात, बशी, काचपट्टी आणि डीएनए यांची साक्ष जुळली तरच निकाल द्यावा. एकट्या साक्षीदारावर नको.

एवढं सगळं असूनही आपल्याकडे ही तपासणी अडते ती यंत्रापाशी नाही, बाटलीपाशी. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा सवयीनं फॉर्मॅलिनच्या बाटलीत पडतो. फॉर्मॅलिनमध्ये बुरशी मरते, म्हणजे बशीत ती वाढणार नाही. तिच्या डीएनएचेही तुकडे होतात, म्हणजे वाचायला गेलं तर बऱ्याचदा अर्धवट वाचतं किंवा वाचतच नाही. मेणाच्या ठोकळ्यातून डीएनए काढता येतो, पण तो नाइलाजाचा मार्ग. तो तुकडा दोन भागांत करून एक भाग निर्जंतुक सलाइनमध्ये ठेवला तर खर्च शून्य. म्युकरची शंका असेल तर प्रयोगशाळेनं तो वाटू नये, बारीक चिरावा, कारण वाटल्यानं त्याचे नाजूक धागे फुटून मरतात.

म्हणून वाचकांना काही सांगणं आहे. गजकर्ण दोन महिने जात नसेल तर ट्यूब बदलू नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि ट्यूबवर स्टेरॉइडचं नाव आहे का ते आधी वाचा. झोडणीला उभं राहताना साधा प्लास्टिकचा चष्मा लावा. डोळ्यात काही गेलं तर दुकानातले थेंब घालू नका. आणि घरातल्या कुणाच्या शरीरातून गाठ, पू किंवा सडलेला भाग काढायची वेळ आली, तर शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांना विचारा, "साहेब, यातला थोडा भाग सलाइनमध्ये ठेवून बुरशीच्या तपासणीला पाठवता येईल का?" बहुतेक डॉक्टर हो म्हणतील. सलाइनची बाटली त्यांच्या हाताशीच असते.